कार्टून, शाळकरी मुले आणि आपण पालक

मुले फार कार्टून पाहतात, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. पालकसभेत शिक्षक ती पालकांकडे करतात आणि पालक घरी येऊन तीच मुलांना ऐकवतात. आजी-आजोबा म्हणतात, आमच्या वेळी असे नव्हते. मुले मात्र कोणाचेही ऐकत नाहीत आणि पडद्यावरची नजर हलवत नाहीत. या सगळ्या बोलाचालीत एक गोष्ट राहून जाते. कार्टून पाहिल्याने शाळेत जाणाऱ्या मुलाचे नेमके काय बिघडते आणि काय बिघडत नाही, याचा शांतपणे विचार आपण क्वचितच करतो.

आम्ही काही मानसशास्त्राचे पंडित नव्हे. बँकेत लोकांच्या खात्यांचा हिशोब सांभाळणारी साधी माणसे आहोत. परंतु जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय शिल्लक काढायची नाही, ही सवय नोकरीने आम्हांला लावली आहे. त्याच सवयीने हा विषय वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कार्टून घरात कसे आले?

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना दूरदर्शनचे दिवस आठवत असतील. १९७४ साली तयार झालेला 'एक अनेक और एकता' हा छोटासा चित्रपट दूरदर्शनवर वारंवार दाखवला जाई. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात, ही त्यातील गोष्ट. विजया मुळे या मराठी विदुषीने तो केला होता आणि त्यातील हलती चित्रे भीमसेन यांची होती. पुढे नव्वदच्या दशकाच्या आरंभी रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागू लागले आणि मोगली घराघरांत पोहोचला. ते कार्टून जपानमध्ये बनलेले होते, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक होते.

१९९५ साली 'कार्टून नेटवर्क' ही केवळ कार्टूनला वाहिलेली वाहिनी भारतात आली. २००५ पासून हिंदी बोलणारा 'डोरेमॉन' आला आणि २००८ साली हैदराबादच्या एका कंपनीने तयार केलेला 'छोटा भीम' आला. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून आपणच मुलांच्या हाती फोन दिला. शाळा उघडल्या, पण फोन काही परत आला नाही.

या सर्व प्रवासात एक बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. पूर्वीचे कार्टून संपत असे. अर्धा तास झाला की मोगली जाई आणि मूल आपोआप उठून खेळायला जाई. नंतर वाहिनी दिवसभर चालू लागली आणि आता फोनवर एक भाग संपण्याच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. थांबण्याची जागाच उरलेली नाही. मोठ्या माणसांनाही जिथे थांबता येत नाही, तिथे आठ-नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावे, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

नावेची बाजू : नक्कल

मूल पाहून शिकते, हे आपल्याकडे अडाणी आजीसुद्धा सांगेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ आणि १९६३ साली हेच प्रयोगाने दाखवून दिले. १९६३ च्या प्रयोगात लहान मुलांचे गट केले होते. एका गटाने एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला मारताना प्रत्यक्ष पाहिले, दुसऱ्याने तेच चित्रफितीत पाहिले आणि तिसऱ्या गटाला मांजराचा वेश घातलेले पात्र कार्टूनसारख्या देखाव्यात मारताना दाखवले. आणखी एका गटाला काहीच दाखवले नाही. नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडले, तेव्हा पहिल्या तिन्ही गटांतील मुलांनी काहीच न पाहिलेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त मारामारी केली. कार्टूनसारखा देखावा पाहणारी मुलेही त्यात मागे नव्हती.

अर्थात मार खाण्यासाठीच बनवलेल्या बाहुल्याला मारणे आणि शेजारच्या मुलाला मारणे यांत फरक आहे. म्हणून त्यानंतरची एक पाहणी लक्षात घ्यावी लागते. शिकागो परिसरातील ५५७ मुलांची नोंद १९७७ च्या सुमारास घेण्यात आली. ती तेव्हा सहा ते दहा वर्षांची होती. सुमारे पंधरा वर्षांनी त्यांपैकी ३२९ जणांची पुन्हा माहिती घेतली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लहानपणी हाणामारीचे कार्यक्रम अधिक पाहणारी आणि त्यातील पात्रांशी स्वतःला जोडून घेणारी मुले मोठेपणी अधिक आक्रमक झालेली आढळली. याचा अर्थ कार्टून पाहणारा प्रत्येक मुलगा गुंड होतो, असा मुळीच नाही. घरातील वातावरण, मारझोड, गरिबी अशी अनेक कारणे असतात, आणि हे त्यांतील एक आहे.

कार्टूनमधील हाणामारीत एक वेगळाच धोका असतो, तो म्हणजे तिथे कोणाला काही लागतच नाही. 'टॉम अँड जेरी'मधील मांजर हातोड्याखाली चपटे होते आणि पुढच्याच क्षणी धडधाकट उठून पळते. पाचवीतला मुलगा हे खोटे आहे हे जाणून हसतो. बालवाडीतले किंवा पहिलीतले मूल मात्र खरे काय आणि खोटे काय हे अजून शिकत असते. उंचावरून उडी मारली तर पाय मोडतो, हे त्याला कार्टूनमधून कधीच कळणार नाही, ते आपणच सांगितले पाहिजे.

बोलण्याचीही नक्कल होते. जपानी 'शिनचॅन'मधील पाच वर्षांचा मुलगा आईला उलट उत्तरे देतो, मोठ्यांची टिंगल करतो. २००८ साली केंद्र सरकारने त्याचे प्रसारण थांबवले आणि पुढे काटछाट होऊन ते पुन्हा सुरू झाले. गंमत अशी की जपानमध्ये ती मुळात मोठ्यांच्या मासिकातील चित्रमालिका होती. कार्टून म्हणजे मुलांचेच असणार, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही.

नावेची बाजू : वेग आणि लक्ष

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, याचे खापर बहुधा कार्टूनवर फोडले जाते. त्यात तथ्य किती? २०११ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. एका गटाने नऊ मिनिटे अतिशय वेगवान कार्टून पाहिले. त्यात सरासरी दर ११ सेकंदांनी देखावा बदलत होता. दुसऱ्या गटाने एका लहान मुलाच्या रोजच्या जीवनावरील संथ कार्टून पाहिले. त्यात देखावा सरासरी ३४ सेकंदांनी बदलत होता. तिसऱ्या गटाने नुसती चित्रे काढली. लगेच सर्वांना काही कामे दिली. खाऊ समोर असताना थांबणे, सांगितलेले अंक उलट क्रमाने म्हणणे अशी ती कामे होती. वेगवान कार्टून पाहिलेली मुले त्यांत मागे पडली. संथ कार्टून पाहणारी आणि चित्रे काढणारी मुले जवळपास सारखीच राहिली.

ही मुले शाळेत जाण्याआधीच्या वयाची होती आणि परीक्षा लगेच घेतली होती. त्यामुळे हा निष्कर्ष चौथीतल्या मुलाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही. पण त्यातून दोन गोष्टी घेता येतात. पहिली ही की सगळी कार्टून सारखी नसतात, संथ गोष्ट आणि धावपळीचा गोंधळ यांत फरक आहे. दुसरी, कार्टून बंद करून त्याच क्षणी मुलाला गणिताच्या वहीपुढे बसवणे शहाणपणाचे नाही. मध्ये अर्धा तास त्याला हिंडू-फिरू द्यावे.

पडद्याचा परिणाम शरीरावरही होऊ शकतो, याचे टोकाचे उदाहरण जपानमध्ये घडले. १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश काही सेकंद अतिशय वेगाने उघडमीट झाला. त्या रात्री सुमारे ७०० मुलांना झटके, चक्कर, उलट्या अशा तक्रारींमुळे रुग्णालयांत न्यावे लागले. बहुतेक मुले लवकरच बरी झाली. ही मालिका सुमारे चार महिने बंद राहिली आणि अशा प्रकाशाबाबत तेथे नियम झाले. खोलीत दिवा लावून, पडद्यापासून दूर बसून पाहा, अशी सूचना तेथील कार्टूनच्या सुरुवातीला दिसू लागली. आपल्याकडे मुले अंधारात, पांघरुणाखाली, नाकाजवळ फोन धरून पाहतात. त्यांना ही सूचना कोण देणार?

नावेची बाजू : खाऊ आणि खरेदी

कार्टूनमधील पात्र पडद्यावरून उतरून दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर येते. जून महिन्यात शालेय खरेदीला गेलेल्या प्रत्येक आईला याचा अनुभव आहे. साधे दप्तर मजबूत असते आणि स्वस्तही असते, पण मुलाला भीमाचे चित्र असलेलेच हवे असते. २०१० साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना एकच पदार्थ दोन पुड्यांतून दिला होता. एक पुडा साधा आणि दुसऱ्यावर कार्टूनचे चित्र. चित्र असलेल्या पुड्यातील पदार्थ अधिक चवदार आहे, असे बहुसंख्य मुलांनी सांगितले. गाजराच्या बाबतीत मात्र चित्राचा प्रभाव कमी पडला. म्हणजे हे चित्र गोड खाऊ जेवढा खपवते, तेवढी भाजी खपवत नाही. मर्यादित पगारात घर चालवणाऱ्या कुटुंबाला हा खर्चही नावेच्या बाजूलाच लिहावा लागतो.

जमेची बाजू

आता दुसरी बाजू. मूल शाळा आणि शिकवणी करून दमून येते. त्याला हसावेसे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. चांगले कार्टून शिकवतेही. १९६९ साली अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा बाहुल्या आणि कार्टूनचा कार्यक्रम सुरू झाला. गरीब वस्तीतील मुले शाळेत जाण्याआधीच मागे पडू नयेत, हा त्याचा एक मुख्य हेतू होता. जी मुले तो अधिक पाहत, त्यांना अक्षरे आणि अंक अधिक येत, असे पाहणीत दिसून आले. २००६ साली त्याचेच भारतीय रूप 'गली गली सिम सिम' या नावाने आपल्याकडे आले.

त्याहून जवळचे उदाहरण 'मीना'चे आहे. नव्वदच्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियातील मुलींसाठी हे कार्टून तयार करवले आणि मीनाला रंगरूप देण्यात भारतीय अ‍ॅनिमेशनमधील ज्येष्ठ कलावंत राम मोहन यांचा मोठा वाटा होता. मीनाचा भाऊ राजू शाळेत जातो, तिला मात्र पाठवत नाहीत. ती आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते आणि त्याच्याकडून आकडे शिकते. त्या आकड्यांच्या जोरावर ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर पकडला जातो. मुलीला का शिकवावे, यावर तासभर भाषण ऐकून जे पटत नाही, ते या एका गोष्टीने पटते.

भाषेचा जमाखर्च थोडा नाजूक आहे. हिंदीतील कार्टून पाहून मराठी मुले न शिकवता हिंदी बोलू लागतात, ही जमा म्हणता येईल. बांगलादेशात मात्र २०१३ साली हिंदी 'डोरेमॉन'चे प्रसारण बंद करण्यात आले, कारण तेथील मुले घरात हिंदी बोलू लागल्याची तक्रार होती. बंदी हा उपाय आम्हांला पटत नाही. पण खेळताना, भांडताना आणि आता स्वप्नेसुद्धा हिंदीत पाहणाऱ्या मुलांना मराठी गोष्ट कोण सांगणार, हा प्रश्न उरतोच. शिवाय भाषा प्रश्न-उत्तरांनी वाढते. कार्टून बोलते, पण मुलाने काही विचारले तर उत्तर देत नाही.

शिल्लक : तासांचा हिशोब

दोन्ही बाजू मांडल्यावर आम्हांला असे दिसते की खरा प्रश्न कार्टून चांगले की वाईट हा नाही. ते दिवसातील कोणत्या तासाची जागा घेते, हा आहे. एक साधा हिशोब करून पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वर्षाला किती तास शिकवले पाहिजे, हे ठरवून दिले आहे. पहिली ते पाचवीसाठी किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी किमान १००० तास. आता एखादे मूल रोज तीन तास पडद्यापुढे बसत असेल, तर वर्षाचे ३६५ दिवस धरून ते १०९५ तास होतात. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान शाळेपेक्षा कार्टूनची शाळा मोठी झाली. रोज सव्वादोन तास पाहणाऱ्या मुलाचेही वर्षाला ८२१ तास होतात. त्या शाळेला ना रविवारची सुट्टी असते ना दिवाळीची.

हे तास कुठून आले? दिवस चोवीसच तासांचा आहे. ते खेळातून आले, झोपेतून आले, आईशी केलेल्या गप्पांतून आले. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यापुढील वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने, सांगितले आहे. त्यात टीव्ही आणि फोन दोन्ही आले.

पण मुलाने जायचे कुठे?

सल्ला देणे सोपे असते. आई-वडील दोघेही कामावर, घर एक-दोन खोल्यांचे, शाळा सुटून मूल दुपारी एकला घरी येते आणि किल्ली शेजारच्या मावशींकडे. अशा घरात कार्टून ही चैन नसून मुलाला सांभाळणारी बाई आहे. मूल पडद्यापुढे आहे म्हणजे रस्त्यावर नाही, गाडीखाली येणार नाही, एवढ्या भरवशावर ती आई कामावर मन लावू शकते. त्या आईला दोष देण्याचा कोणालाच अधिकार नाही. ज्यांच्याकडे आजी आहे, अंगण आहे आणि पोहण्याच्या वर्गाचे पैसे आहेत, त्यांच्या मुलांना कार्टून सोडणे सोपे जाते. बाकीच्यांनी ते बंद केले तर त्या जागी काय द्यायचे?

आपल्या वसाहतींकडे पाहा. जिथे मुले लगोरी आणि क्रिकेट खेळत, तिथे आता मोटारसायकली आणि गाड्या उभ्या असतात. भिंतीवर 'येथे खेळू नये' अशी पाटी असते. गाड्या कोठे लावाव्यात यावर वार्षिक सभेत दोन-दोन तास चर्चा होते, पण मुलांनी कोठे खेळावे हा विषय सभेच्या पत्रिकेवर कधी येत नाही. मुलांचे मैदान आपण घेतले आणि मुले घरात बसतात म्हणून रागावतोही आपणच. हे काही न्यायाचे नाही.

काय करता येईल?

घरात प्रत्येकाला जमतील अशा काही गोष्टी आम्ही सुचवतो :

१. वेळ मिनिटांनी न ठरवता भागांनी ठरवावी. 'दोन भाग' हे मुलाला कळते, 'थोडा वेळ' कळत नाही. फोनवर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी.

२. जेवताना कार्टून नको. मूल किती आणि काय खाते याकडे त्याचे लक्ष राहत नाही, आणि दिवसातून एकदा तरी घरातल्या सर्वांनी एकमेकांशी बोलण्याची हीच वेळ असते.

३. झोपण्यापूर्वी तासभर फोन मुलाच्या हाती नसावा आणि रात्री तो अंथरुणाजवळ नसावा.

४. आठवड्यातून एक-दोनदा तरी मुलाशेजारी बसून त्याचे आवडते कार्टून पाहावे. 'हे खऱ्यात झाले असते तर?', 'तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस?' असे दोन प्रश्न विचारले, तरी नुसते पाहणे थांबून विचार करणे सुरू होते.

५. वडीलधाऱ्यांनी आपलाही फोन बाजूला ठेवावा. बाप रात्री अकरापर्यंत फोन पाहत असेल, तर मुलाला शिस्त कोणत्या तोंडाने सांगणार?

घराबाहेरची गोष्ट मात्र एकट्या पालकाला जमणारी नाही. जवळजवळ प्रत्येक वसाहतीत, प्रत्येक मंडळाकडे एखादे सभागृह किंवा एखादी खोली असते. जयंती, लग्न आणि सभा सोडल्यास तिला वर्षभर कुलूप असते. तेथे दुपारी आणि संध्याकाळी दोन-दोन तास मुलांना येऊ द्यावे. एक कॅरम, एक बुद्धिबळ, शंभर-दोनशे मराठी गोष्टींची पुस्तके आणि पाळीपाळीने बसणारे एक निवृत्त गृहस्थ किंवा भगिनी, एवढ्यावर काम सुरू होते. अंगणातील गाड्या संध्याकाळी पाच ते सात एका बाजूला लावाव्यात, असा ठराव करता येतो. महिन्यातून एकदा मुलांना एकत्र बसवून एखादा चांगला चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवला, तर कार्टूनही सोबतीने पाहण्याची गोष्ट होईल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर हा एक विषय घालावा, अशी सर्व सभासदांना आमची नम्र विनंती आहे. खोली आहे आणि मुलेही आहेत. किल्ली कोणाकडे राहणार, एवढेच ठरवायचे आहे.